सात किलोमीटरचा माणूस

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, खरे निघतील त्यांच्यावर शिक्का मारायचा आणि खोटे निघतील ते उचलून आणायचे, हे माझं काम. या नोकरीत मित्र फारसे मिळत नाहीत, पण जाईन तिथे लोक लगबगीने खुर्ची पुढे करतात. तीही मी आधी हलवून बघतो.

सव्वीस वर्षं हे केल्यावर एक समजूत अंगात भिनते. जे आज एक भरतं आणि उद्या दुसरं, ते खोटं. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या धाकाने मी पळायला लागलो, तेव्हा पळणंही तसंच सुरू केलं. सकाळी सहाला दारातून निघायचं, कालव्याच्या कडेने जायचं, पुलावरून वळून घरी यायचं. रोज सात किलोमीटर, रोज छप्पन्न मिनिटं. एकदा पंचावन्न मिनिटांतच गल्लीच्या तोंडाशी पोचलो, तर एक मिनिट तिथेच थांबलो आणि मगच घरात शिरलो.

हे सात किलोमीटर अंदाजपंचे नव्हते. त्यासाठी मी कचेरीच्या भांडारातून मोजचाक मागून आणलं होतं. लांब दांड्याच्या टोकाला चाक असतं, ते रस्त्यावरून ढकलत न्यायचं, आणि दांड्यावरची आकड्यांची पेटी मीटर मोजत जाते. शेजारची पोरं फोन दाखवून म्हणायची, काका, यात आपोआप कळतं. फोनवर शिक्का नसतो. मी त्या भानगडीत पडलो नाही.

अडचण एकच होती. सातच्या पुढे माझे पाय चालत नसत. माझ्या मोजणीतला सातवा किलोमीटर घराच्या दारात संपतो, तिथून थोडं पुढे एक टपालपेटी आहे. आठवा पुरा करायच्या नादात मी तिला तीनदा मिठी मारली आहे. तिसऱ्या वेळी पोस्टमनने विचारलं, "काका, काही टाकायचं राहिलं का?"

माझं सातवर काही अडलं नव्हतं. अडलं ते एका किराणा दुकानात.

दुकानदार व्यापारी संघाचा चिटणीस होता. माणूस गोलमटोल, बोलायला तिखट. त्याच्या काट्यावर किलोमागे चाळीस ग्रॅम कमी भरत होते. मी तपासणीचं पुस्तक उघडलं तेव्हा दुकानात आठदहा गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्याला काहीतरी बोलणं भागच होतं.

"साहेब, माझ्या काट्यात चाळीस ग्रॅम कमी. बरोबर. पण तुमच्या शर्टाच्या आत किती जास्त आहेत, ते कोण तपासणार?"

गिऱ्हाइकं हसली. साखर घेणाऱ्या बाई जरा जास्तच हसल्या.

"मी रोज सात किलोमीटर पळतो," मी म्हणालो.

"सात!" त्याने ते गिऱ्हाइकांना दाखवलं, जणू नासका बटाटा. "आमच्या संघाची शर्यत एकवीसची असते. तीन तासांच्या आत यावं लागतं. माझा मेहुणा दरवर्षी येतो, आणि तो मध्ये बिडी ओढायला थांबतो."

"मीही येईन."

"या की. आणि नाही जमलं, तर लोकांची वजनं काढणं सोडा."

माझे कान तापले होते. "नाही जमलं तर मी भांडारात बदली मागून घेईन. आणि जमलं तर?"

"तर संघातले दोनशेच्या दोनशे दुकानदार आपापले काटे घेऊन तुमच्या कचेरीत येतील. स्वतःहून. रांग लावून."

"लिहून द्या."

"तुम्हीच लिहा साहेब, पुस्तक तुमच्या हातात आहे."

आणि मी लिहिलं. शहाणा माणूस अशा वेळी एखादा चिठोरा शोधतो. माझ्या हातात तपासणीचं पुस्तक होतं, आणि सव्वीस वर्षांत मी दुसऱ्या कशावर काही लिहिलेलं नाही. दोघांच्या सह्या झाल्या. हाताला सवय होती, म्हणून शिक्काही मारला गेला. त्या पुस्तकात प्रत्येक पानाच्या तीन प्रती निघतात. पांढरी दुकानदाराला जाते, गुलाबी पुस्तकात राहते आणि पिवळी कचेरीत.

तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. समोर पिवळा कागद.

"हे काय?"

"साहेब, ते जरा रागाच्या भरात..."

"यावर अनुक्रमांक आहे."

"हो."

"शिक्का आहे."

"हो."

"मग रागाच्या भरात कसं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे रद्द करायचा नमुना आपल्याकडे नाही. मी शोधला." मग कोपऱ्यात लिहिलं, 'नोंद घेतली. शर्यतीनंतर अहवाल सादर करावा.'

आमचं भांडार तळघरात आहे. जप्त केलेले काटे, वजनं, मापं तिथे चिठ्ठ्या बांधून पडलेली असतात. भांडारपाल तिथे एकोणीस वर्षं बसून आहे आणि हल्ली दोन किलोच्या वजनाशी बोलतो, असं ऐकलं आहे. जिना चढून वर येताना मला पहिल्यांदाच लख्ख जाणवलं की मला माझं काम आवडतं. सकाळी शटर वर जात असताना दुकानाच्या दारात जाऊन उभं राहणं. म्हातारी बाई अर्धा किलो साखर घेते, तेव्हा ती अर्धा किलोच आहे हे आपल्याला ठाऊक असणं. हे आपण एका बटाट्यासारख्या शेऱ्यापायी पणाला लावलं होतं. तेही तीन प्रतींत.

बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, तुम्हाला जवळचं नीट दिसतं. लांबचं अजिबात दिसत नाही. वन्संना बोलवा."

वन्सं म्हणजे माझी थोरली बहीण. बत्तीस वर्षं शाळेत खेळ शिकवून ती निवृत्त झाली. शिट्टी अजून पर्समध्ये असते. मला ती लहानपणापासून ठोकळ्या म्हणते. पुढे मी वजनांच्या खात्यात लागलो, त्यात तिला आपली दूरदृष्टी दिसते.

रविवारी ती आली, माझ्यामागे सायकलवरून सात किलोमीटर फिरली आणि घरी येऊन चहा एका घोटात प्यायली. हे वाईट लक्षण होतं.

"ठोकळ्या, तू पळत नाहीस. तू हजेरी लावतोस."

"ताई, रोज त्याच वेळात..."

"तेच सांगतेय. पाच वर्षं तोच रस्ता, तोच वेग. पायांना पाठ झालंय की सातला सुटी होते. सातला ते दप्तर भरतात."

तिने कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर आठवडा मांडला. सोमवारी आराम. मंगळवारी विजेच्या दोन खांबांमध्ये जोरात, पुढच्या दोन खांबांत हळू, असं पंधरा वेळा. बुधवारी नेहमीच्या निम्मं, सावकाश. गुरुवारी पाण्याच्या टाकीचा चढ. शुक्रवारी पुन्हा निम्मं, शनिवारी आराम, आणि रविवारी लांब, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत, पण इतकं हळू की पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. शिवाय दर चौथ्या आठवड्याला सगळंच कमी करायचं.

मी ते पान दोनदा वाचलं. कुठल्याही दोन दिवसांचं एकमेकांशी जमत नव्हतं. असला काटा मी जागच्या जागी जप्त केला असता.

"ताई, यात काही प्रमाणच नाही. रोज वेगळं. आणि आठवड्यातून दोन दिवस नुसतं बसायचं?"

"तू काटा कसा तपासतोस रे?"

"म्हणजे?"

"एकच किलो ठेवतोस आणि शिक्का मारतोस?"

"छे! आधी पन्नास ग्रॅम, मग किलो, मग पाच किलो. मग पूर्ण भार. मग मधलं वजन उचलून ताटलीच्या कडेला ठेवायचं, तिकडे खोटेपणा लपतो. प्रत्येक वेळी सगळं उतरवून बघायचं, काटा शून्यावर परत येतो का. नाही आला तर..."

इथे मी थांबलो. बायकोने कप उचलले आणि आत गेली. आतून हसण्याचा आवाज आला.

"मंगळवार म्हणजे तुझे पन्नास ग्रॅम," ताई म्हणाली. "गुरुवार म्हणजे ताटलीची कड. रविवारी पूर्ण भार. आणि शनिवार-सोमवार काटा शून्यावर. आता काही म्हणायचंय?"

मी ते पान भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं.

वीस आठवडे हाताशी होते. पहिल्या मंगळवारी मी विजेच्या खांबांमध्ये जीव खाऊन पळत होतो, एकदम थांबून रमतगमत चालत होतो, पुन्हा सुसाट सुटत होतो. किराणावाला दुकान उघडत होता. तो कुलूप हातात धरून बघत राहिला आणि शेवटी हाक मारली, "साहेब, कुणी मागे लागलंय, की सोडून गेलंय?"

टाकीचा चढ हा चढ नसून सूड होता. पण सगळ्यांत अवघड गेला तो आराम. पहिल्या शनिवारी मी बूट घालून खुर्चीत बसलो. बायको म्हणाली, "काटा शून्यावर आणायचाय ना? मग बूट तरी उतरवा, त्यांचं वजन धरलं जाईल."

रविवारी ताई सायकलवरून बरोबर यायची आणि मला बोलतं ठेवायची. वाक्य मध्येच तुटलं की शिट्टी. म्हणजे वेग कमी कर. दोन-दोन तास बोलायचं म्हणजे विषय संपतात, आणि मग माणूस खरं बोलायला लागतो. मी खात्याबद्दल बोललो, भांडाराच्या भीतीबद्दल बोललो, आणि एका रविवारी म्हणालो, "ताई, तू पाचवीत असताना तुझा कंपास मी फोडला होता."

"माहितीये. वेग सांभाळ."

"तुला माहिती होतं? मग बोलली का नाहीस?"

"पन्नास वर्षं वाट बघत होते तू कधी सांगतोस त्याची. मागे बघ."

मागे वळून पाहिलं. टपालपेटी दोनशे मीटर मागे उभी होती. बोलण्याच्या नादात ती कधी गेली ते कळलंच नव्हतं. पाय दप्तर भरायला विसरले होते. मी एकदम ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण कालव्यावरचे बगळे उडाले, आणि ताईने शिट्टी वाजवली नाही.

मग नऊ झाले, अकरा झाले. चौथ्या आठवड्याला कमी करायचं म्हणजे जमवलेलं सगळं सांडणार असं वाटायचं, आणि पाचव्या आठवड्यात पाय नवे होऊन यायचे. तेरा. पंधरा. दर शनिवारी संध्याकाळी मी मोजचाक ढकलत उद्याचा वाढीव रस्ता मोजून खुणा करून ठेवायचो. शर्यतीच्या तीन आठवडे आधी अठरा किलोमीटर झाले.

पण अठराला दोन तास एकोणपन्नास मिनिटं लागली होती. मी कागद घेऊन बसलो. याच चालीने एकवीसला तीन तास सतरा मिनिटं. सतरा मिनिटांनी मी भांडारात.

"शर्यतीच्या दिवशी घड्याळ माझ्याकडे दे," ताई म्हणाली. "तू फक्त श्वास बघ."

शर्यतीच्या सकाळी तीनशे माणसं पांढऱ्या रेघेमागे उभी होती. किराणावाला स्कूटरवर. कराराचा पक्षकार म्हणून जागोजागी थांबून तपासणी करणार, असं त्याने जाहीर केलं होतं. त्याचा मेहुणा माझ्या शेजारीच खिसे चाचपत होता.

सुरुवातीला सगळे मला मागे टाकून गेले. मी रविवारच्या चालीने निघालो, मनातल्या मनात ताईशी बोलत. आणि मग विचित्र प्रकार सुरू झाला. कडेच्या किलोमीटरच्या पाट्या लवकर यायला लागल्या. पायांच्या हिशेबाने सात झाले होते आणि पाटीवर आठ. पायांचे साडेदहा, पाटीवर बारा. छातीत आनंद दाटायला हवा होता. तिथे खात्याचा माणूस जागा झाला. रस्ता मोजला कोणी? व्यापारी संघाने. किलोमागे चाळीस ग्रॅमवाल्यांनी!

बाराच्या पाटीपाशी स्कूटर उभी होती. "साहेब! आहात अजून?"

"आहे. पाटी कमी भरतेय."

"काय?"

पण मी पुढे गेलो होतो. तेराशी मेहुणा भेटला. तो कट्ट्यावर बसून धूर सोडत होता आणि त्याने मला मनापासून हात केला. सोळाला चढ लागला. माणसं कमरेवर हात ठेवून चालत होती. मी मान खाली घातली, पावलं लहान केली आणि गुरुवारसारखा चढून गेलो. वर पोचल्यावर मागे मोजली, एकोणीस माणसं मागे टाकली होती. अठराला पाय जड झाले, फार जड, पण अजून ते माझे होते. आणि शेवटच्या दोन किलोमीटरांत रस्त्याच्या कडेला विजेचे खांब लागले.

खांब बघून पायांना मंगळवार आठवला. दोन खांब जोरात, दोन हळू. पुन्हा दोन जोरात. स्कूटर शेजारून चालली होती आणि किराणावाला करार, संघ, काटे, सगळं विसरून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "साहेब, तो निळा शर्टवाला घ्या! घेतला! आता बाई! बाईंना नका घेऊ, त्या आमच्या खजिनदार आहेत! घ्या, घ्या, त्यांनाही घ्या!"

मी खजिनदार बाईंनाही घेतलं. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा ताईची शिट्टी कान फाडत होती. बायको चष्मा पुसत होती, आणि तो पुन्हा पुन्हा ओला होत होता. दोन तास सत्तेचाळीस मिनिटं. किराणावाल्याने स्कूटर आडवी टाकून मला मिठी मारली. इतक्या घामाला मिठी मारणारा व्यापारी मी पाहिलेला नाही.

"तेरा मिनिटं हातात ठेवून आलास, ठोकळ्या!" ताईचा आवाज बसला होता.

तीन तास सतराचा हिशेब माझ्या डोळ्यांसमोर आला. "रस्ता कमी भरलाय," मी म्हणालो.

"अहो," बायको म्हणाली, "पदक गळ्यात आहे. ते तरी काढा आणि मग संशय घ्या. सगळ्यांच्या फोनवर एकवीस दिसतायत."

"फोनवर शिक्का नसतो."

सोमवारी मी रजा काढली आणि मोजचाक घेऊन सुरुवातीच्या रेघेवर गेलो. तपासणीला दुसरा पक्ष हजर असावा लागतो, म्हणून किराणावाल्याला बोलावलं. तो दुकान बंद ठेवून आला. पाच तास आम्ही चाक ढकलत चाललो, आळीपाळीने, आणि वाटेत मी त्याला टपालपेटीपासून अठरापर्यंतची सगळी कथा सांगितली. शेवटच्या रेघेवर पेटीत आकडा होता अठरा हजार चारशे साठ.

मी एकवीस पळालोच नव्हतो. किराणावाल्याचा चेहरा माझ्यापेक्षा उतरला होता.

"साहेब, आईशप्पथ. हा रस्ता आम्ही तीनदा मोजलाय. काट्याचं सोडा, काट्यात मी... पण रस्त्यात नाही हो केलं."

"मला अहवालात लिहावं लागेल."

"लिहाल आणि स्वतः तळघरात जाल?"

"हो."

तो कट्ट्यावर बसला. थोड्या वेळाने त्याची नजर चाकावर गेली आणि तिथेच राहिली. सव्वीस वर्षं ती नजर मी ओळखतो. ती माझीच आहे.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "तुमच्या चाकावर शिक्का कुठंय?"

मी चाक उलटं केलं. आडवं केलं. दांडा बघितला, पेटी बघितली. हा प्रश्न मी हजारो लोकांना विचारला होता. मला तो कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. खात्याच्या कपाटातलं माप खोटं असेल हे खात्यातल्या माणसाच्या डोक्यात येतच नाही.

आम्ही दोघं तडक कचेरीत गेलो. तळघरात प्रमाण फीत जमिनीवर पसरली आणि दहा मीटरांवरून चाक फिरवलं. पेटीत पावणेनऊ. पुन्हा फिरवलं, पुन्हा पावणेनऊ. भांडारपालाने वही काढली. अकरा वर्षांपूर्वीची जप्ती. जुन्या केबली मीटरवर विकत घेणाऱ्या एका इसमाने चाकावर जाडजूड जादा रबर चढवलं होतं. चाक मोठं, फेरे कमी, केबल फुकट.

"याची चिठ्ठी कुठे गेली?" मी विचारलं.

"टेबल डगमगत होतं, त्याच्या पायाखाली आहे," भांडारपाल म्हणाला. "तुम्ही मागितलंत, मला वाटलं तुम्हाला माहिती असेल."

किराणावाल्याचे ओठ हलत होते. तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

"साहेब! तुमचे सात म्हणजे आठ. अठरा म्हणजे साडेवीस. आणि कालचे झाले एकवीस हजार सत्त्याण्णव मीटर, म्हणजे एकवीसच्या वरच!" त्याने माझा हात धरून गदागदा हलवला. "आणि त्या टपालपेटीला तुम्ही आठ पळून मिठी मारत होतात! पाच वर्षं रोज एक किलोमीटर जास्तीचा टाकत होतात, आणि पावती कुणाला दिली नाही!"

मी दोन किलोच्या वजनाशेजारी खाली बसलो आणि हसायला लागलो. भांडारपालाने ते वजन जरा बाजूला सरकवलं, त्याला धक्का लागू नये म्हणून.

मोठ्या साहेबांना मी दोन कागद दिले. पहिला अहवाल होता, शर्यत पूर्ण, अंतर बरोबर. दुसरी नोटीस होती, बिनशिक्क्याचं माप पाच वर्षं वापरल्याबद्दल. माझ्याच नावाने.

"पांढरी प्रत कोणाला?" साहेबांनी विचारलं.

"मलाच दिली. पोच घेतली आहे."

त्यांनी दोन्ही वाचून पहिल्यावर लिहिलं, 'बदलीचा प्रश्न उद्भवत नाही.' दुसऱ्यावर बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं, 'समज देण्यात आली.' मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "समजलं ना? दिली."

पुढच्या सोमवारी कचेरीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत रांग लागली. दोनशे दुकानदार, दोनशे काटे. कुणाच्या कडेवर, कुणाच्या हातगाडीवर, खजिनदार बाईंचा तर रिक्षात. येणारेजाणारे थांबून विचारत होते, इथे काय फुकट मिळतंय?

पहिला नंबर किराणावाल्याचा. जुना काटा जप्त झाला होता, हा नवा. मी पन्नास ग्रॅम ठेवले, मग किलो, मग पाच, मग पूर्ण भार. एक वजन कडेला सरकवून बघितलं. शेवटी सगळं उतरवलं, आणि आम्ही दोघांनीही वाकून पाहिलं. काटा शून्यावर येऊन थांबला, जरासुद्धा न थरथरता.

मी शिक्का मारला. तो काटा छातीशी धरून उभाच राहिला, मागच्या एकशे नव्व्याण्णव जणांना खोळंबवून.

"साहेब, एक विचारू? त्या मंगळवारच्या खांबांचं... सुरुवात किती खांबांपासून करायची?"

"दोन," मी म्हणालो. "उद्या सहाला टपालपेटीपाशी या. ताई शिट्टी घेऊन येईल."